कुसळ

दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ दिसतें, पण आपल्या डोळ्यांतील मुसळ दिसत नाहीं, ही म्हण आपण नीतीचा पाठ म्हणून ऐकतों. गोंदियाकडील शेतकऱ्यास मात्र कुसळ हा केवळ अलंकार नव्हे. धानाचें कुसळ, बाभळीचा काटा, बुरुडाच्या सुरीखालून उसळलेली बांबूची चोय, ह्या त्याच्या रोजच्या व्यवहारांतील वस्तु आहेत. त्यांपैकीं एखादी बुबुळास लागली तर वेदनाच माणसास वैद्याकडे नेतात. आमच्या मतें अधिक फसवी जखम निराळीच आहे. चोय बुबुळ चुकवून पापणीच्या कडेनें आंत शिरते, बाहेर तांदळाएवढी खूण उरते, दृष्टि शाबूत असते, आणि घरचीं माणसें म्हणतात, "जिवावरचें शेपटावर निभावलें."

तें निभावलेंच असेल असें नाहीं. डोळ्याची खोबण सात हाडांनीं बनलेली आहे. पण तिचें छत पातळ असून त्याच्यावर लगेच मेंदु आहे, आणि नाकाकडील भिंत तर कागदासारखी आहे. मागच्या टोंकास शिरा व मज्जातंतु ह्यांच्या वाटा आहेत. अशा कोठडींत शिरलेली काडी कोठवर गेली, हें बाहेरच्या जखमेवरून ठरवितां येत नाहीं.

फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री ह्यास ३० जून १५५९ रोजीं पॅरिस येथील शस्त्रक्रीडेंत प्रतिस्पर्ध्याच्या मोडलेल्या भाल्याच्या ढलप्या डोळ्यापाशीं लागल्या. आंब्रुआझ पारे व वेसालियस ह्यांच्यासारखे त्या काळचे अग्रगण्य शस्त्रवैद्य व शरीरशास्त्रज्ञ उशाशीं होते. तरी १० जुलैस राजा वारला, आणि शवविच्छेदनांत मेंदूचा कांहीं भाग बिघडलेला आढळला. जंतूंची आजच्यासारखी कल्पना त्या काळीं नव्हती.

आज आपणांस ती आहे. अशा जखमेंत सामान्यतः स्टॅफिलोकॉकस व स्ट्रेप्टोकॉकस हे परिचित जंतु सांपडतात. पण काडीबरोबर माती व पालापाचोळा आंत गेला असेल तर विरळ पाहुणेही येतात. बॅसिलस सीरियस नेत्रगोलांतच शिरला, तर एकदोन दिवसांतच डोळा जाऊं शकतो. क्लॉस्ट्रिडियम कुळास हवा नको असते. बंद, खोल जखम त्यास मानवते. धनुर्वाताचा जंतु त्याच कुळांतला. चेहऱ्याच्या जखमेंतून तो शिरला म्हणजे कधींकधीं प्रथम तोंडच वांकडें होतें. वनस्पतींवर राहणारा पँटोइया काट्याबरोबर येतो. नोकार्डिया आणि क्षयाच्या जंतूचे कांहीं भाऊबंद मात्र आठवडेच्या आठवडे दबा धरून बसतात. जखम भरली असें वाटतें आणि मग सूज पुन्हां येते. म्हणून "कांहींतरी लागलें" एवढेंच न सांगतां, कशानें, कोठें आणि केव्हां लागलें, हें डॉक्टरांस सांगणें हें औषधाइतकेंच महत्त्वाचें आहे. त्यावरूनच प्रयोगशाळेस कोणता जंतु शोधावयाचा आणि किती दिवस वाट पाहावयाची, हें कळतें.

लाकडाची आणखी एक खोड आहे. साध्या क्ष-किरणांत तें बहुधा दिसत नाहीं, आणि सीटी स्कॅनमध्यें कोरडें लाकूड हवेसारखें काळें दिसून दिशाभूल करतें. एमआरआय अशा वेळीं उपयोगी पडतो. परंतु जखमेंत लोखंडाचा कण असण्याचा संभव असेल तर तो वर्ज्य होय.

गोंदियास २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; पण सालेकसा किंवा देवरीच्या रानांतून तेथवर पोहोंचावयास वेळ लागतो, आणि तोच वेळ दूध, तूप, मध किंवा पाल्याचा रस घालण्यांत जातो. रुतलेली काडी घरीं ओढूं नये. डोळ्यावर दाब न पडेल अशी कडक वाटी झांकून निघावें, व धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी. पुढें पापणी सुजली, डोळा पुढें आला, एकाचे दोन दिसूं लागले, ताप किंवा डोकेदुखी सुरू झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये.

शरीरांत राहिलेल्या काट्यास आणि मनांत राहिलेल्या दुःखास मराठींत "सल" हा एकच शब्द आहे. वैद्यकाच्या वहींत हा रोग विरळ म्हणून नोंदला जातो, आणि तें खरेंही आहे. पण ज्या घरांतील मुलाचा डोळा गेला, त्या घरास ही गणती काय समाधान देणार? तेथें काडी निघाली तरी सल राहतोच.