शेवटचे पान

आमच्या पुतणीने यंदा दिवाळीला घरी येताना शहरातून काय आणावे? मिठाई नाही, साडी नाही. तिने आणले धान्याची ओल मोजायचे यंत्र! छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात ती पदार्थविज्ञान घेऊन एम.एस्सी. करते आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे २०२३ पासून अशा विद्यार्थ्यांना काही आठवडे बाहेर जाऊन प्रत्यक्ष काम शिकावे लागते आणि त्याचे चार श्रेयांकही मिळतात. नाव मोठे इंग्रजी आहे, 'ऑन जॉब ट्रेनिंग'. आमच्या घरात त्याला जुना शब्द होता : उमेदवारी. हल्ली उमेदवारी म्हटले की लोकांना निवडणुकीचा अर्जच आठवतो, त्याला इलाज नाही.

"काका, तुम्हीसुद्धा असलीच उमेदवारी केली होती ना?" तिने आल्या आल्या विचारले. "आजी सांगत होती. तुमचा अहवाल द्या की वाचायला."

"शोधतो," असे मी म्हणालो आणि दोन दिवस शोधलाच नाही. तो ट्रंकेत नेमका कुठे आहे हे मला चांगले ठाऊक होते.

गोष्ट १९९९ सालची. मी त्याच विद्यापीठात शिकत होतो. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते, आणि १९५८ साली स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव लाभून पाच वर्षे झाली होती. मी निवडलेला विषय म्हणजे ना धड रसायन, ना धड पदार्थविज्ञान, दोहोंच्या बांधावरचा. बांधावरच्या झाडाचे असते तसे त्याचे असते. फळे दोन्ही शेतकरी नेतात, पाणी कोणीच घालत नाही. पीटर डिबाय हा पदार्थविज्ञानाचा माणूस, पण रेणूंच्या विद्युत-स्वभावाचा अभ्यास केला म्हणून १९३६ चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले ते रसायनशास्त्राचे! आमच्या वडिलांना एवढे सांगूनही समाधान झाले नाही. "ते ठीक आहे, पण ह्याची नोकरी कोणत्या खात्यात लागते?" असे त्यांनी विचारले.

विषय मात्र मोठा गोड होता. पन्नास मिलिलिटर पाण्यात पन्नास मिलिलिटर मद्यार्क ओतला तर शंभर भरत नाहीत, सत्त्याण्णवच्या आतबाहेर भरतात. ही चोरी कोणाची, हे शोधण्यात आमचे पहिले सत्र गेले. पाण्याचा रेणू सरळ नसतो, मधे वाकलेला असतो. त्यामुळे त्याची एक बाजू किंचित धन आणि दुसरी किंचित ऋण असते. विजेचा दाब दिला की सभेत कोणी पुढारी आल्यावर माना वळाव्यात तसे हे रेणू वळतात. या वळण्याच्या तयारीला आम्ही परावैद्युतांक म्हणत असू. शब्द दातात अडकतो, पण हिशेब सोपा आहे. पाण्याचा हा अंक ऐंशीच्या घरात, कोरड्या दाण्याचा जेमतेम तीन-चार.

आमच्याच विद्यापीठातील मेहरोत्रा, पुराणिक आणि कुंभारखाणे या संशोधकांनी मध आणि पाणी यांच्या मिश्रणाचा असाच अभ्यास करून १९९१ साली निबंध प्रसिद्ध केला होता. विहिरीत हाक मारावी आणि प्रतिध्वनीवरून पाणी किती खोल आहे ते ओळखावे, तशी ती रीत. तारेतून विजेचा एक झटका पाठवायचा आणि नमुन्यावरून परतलेली लाट तपासायची. मधात पाण्याचे रेणू सावकाश वळतात, एरवी चटकन. चटकन म्हणजे किती? एका सेकंदाचे लक्ष कोटी भाग करावेत आणि त्यातले आठ घ्यावेत, एवढा वेळ! मी हे आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग कामाला लागायला तुला एवढा वेळ का लागतो?"

त्या वर्षी दिवाळीच्या सुटीत आमच्या सरांनी मला शहराबाहेरच्या एका सोयाबीन तेलाच्या कारखान्यात तीन आठवड्यांसाठी पाठवले. अभ्यासक्रमात असे काही नव्हते, केवळ सरांची हौस. काम प्रयोगशाळेत. प्रयोगशाळा म्हणजे फाटकाजवळची पत्र्याची खोली, एक तराजू, एक भट्टी आणि ओल मोजायचे यंत्र. यंत्राच्या पेल्यात मूठभर दाणे ओतले की काटा हलून टक्के सांगे. पेल्याच्या आत दोन धातूंचे पृष्ठ आणि त्यांच्यामध्ये दाणे, बस्स! दाण्यात पाणी जितके जास्त तितका परावैद्युतांक मोठा. म्हणजे माझे अख्खे पाठ्यपुस्तक त्या पेल्यात मावले होते. मला कोण आनंद झाला!

नियम असा की ओल बारा टक्क्यांपर्यंत चालेल. पुढे प्रत्येक टक्क्याला क्विंटलमागे एक किलो कापायचे. (बारा हा आकडा सरकारी खरेदीतही असतो. २०२४ च्या हंगामात परतीच्या पावसामुळे केंद्र सरकारने तो पंधरापर्यंत सैल केला, तेव्हा मला त्या खोलीची फार आठवण झाली.) माझे काम यंत्राचा खरेखोटेपणा पाहण्याचे. खरी रीत लांबची आहे. दाणे तोलायचे, १०३ अंशांच्या भट्टीत ७२ तास ठेवायचे आणि पुन्हा तोलायचे. जेवढे वजन उडाले तेवढे पाणी.

सकाळचे नमुने यंत्राशी जुळत. दुपारचे जुळेनात. उन्हात उभ्या राहिलेल्या ट्रॉलीतले दाणे यंत्रावर दीड-दोन टक्के जास्त ओले दिसत. मला वाटले, माझ्याच हाताचा दोष. मग एकाच पोत्यातले दाणे दोन बरण्यांत घट्ट बंद केले; एक बरणी सावलीत ठेवली, दुसरी पत्र्यावर. बंद बरणीत पाणी कोठून येणार? तरीही पत्र्यावरची बरणी 'ओली' निघाली.

गंमत म्हणजे पुस्तक उलटे सांगत होते. पाणी तापले की त्याचा परावैद्युतांक कमी होतो. वीस अंशांना ऐंशी, पन्नासला सत्तरच्या आसपास. मग आकडा उतरायला हवा, चढतो कसा? रविवारी सायकल काढून विद्यापीठाच्या टेकड्यांपाशी गेलो. सुटीतही सर प्रयोगशाळेत होते. ऐकून हसले. म्हणाले, "अरे, तुझ्या पुस्तकातले पाणी पेल्यातले आहे, मोकळे. दाण्यातले पाणी प्रथिनांचा, पिठूळ द्रव्यांचा हात धरून बसलेले असते. ऊब मिळाली की ती पकड ढिली होते, क्षारांचे कणही हिंडू लागतात. पाणी तेवढेच असते. फक्त जास्त बोलते."

मी परतताना गाणे म्हणत आलो. अहवाल लिहिला. शेवटच्या पानावर तक्ता काढला : दाणा किती गरम, तर आकड्यातून किती वजा करावे. बरणीचा प्रयोगही तिथेच लिहिला.

कारखान्याच्या साहेबांनी तो नीट वाचला. माणूस वाईट नव्हता. मला रोज आपल्या डब्यातली भाजी देई. ते म्हणाले, "छान लिहिलंयस. फक्त हे शेवटचं पान काढ. मशीन कंपनीनं तपासून दिलंय. हंगाम ऐन भरात आहे, आता फाटकावर वाद नको." प्रमाणपत्रावर त्यांची सही व्हायची होती. मी टाचणी काढली, पान घडी करून खिशात घातले आणि टाचणी पुन्हा लावली.

दोन दिवसांनी भर दुपारी आमच्या भावकीतले आबा ट्रॉली घेऊन आले. वीस क्विंटल सोयाबीन. मला पाहून त्यांचा चेहरा खुलला. पोत्यात हात घातला तर दाणे चुलीजवळच्या राखेसारखे गरम. काट्याने चौदा दाखवले. म्हणजे चाळीस किलो गेले. मी त्यांना बाजूला घेऊन हळूच म्हटले, "आबा, रातभर थांबा. सकाळी माप घालू."

"थांबून कसं जमल लेकरा? टॅक्टर भाड्याचा हाय. अन् घरी पोरं कपड्याची वाट बघायलीत." मग रांगेतल्या लोकांकडे वळून ते मोठ्याने म्हणाले, "हे आमच्या गावचं लेकरू. शास्त्र शिकतंय इथं. मशीन खोटं बोलायचं नाही."

पावतीवर त्यांचा अंगठा घेताना शाईची डबी मीच पुढे केली. जाताना त्यांनी मला चहा पाजला.

प्रमाणपत्र मिळाले. त्या बळावर नव्हे, पण पुढे तालुक्याच्या कॉलेजात नोकरी लागली आणि वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. दरवर्षी मी मुलांकडून बरणीचा प्रयोग करून घेतला. कोरडे मीठ आणि दाणे बरणीत घालून हलवावे, मीठ काचेला चिकटले तर ओल पंधराच्या वर, ही यंत्राविना परीक्षाही शिकवली. गावात ती आता बायाबापड्यांनाही येते. आबांना मात्र मी शेवटपर्यंत सांगितले नाही. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षे झाली.

अखेर परवा अहवाल काढून पुतणीपुढे ठेवला, घडी घातलेल्या पानासकट. तिने सारे वाचले. मी ही हकिकत सांगितली तेव्हा ती काही बोलली नाही. पानाची घडी नखाने सपाट करीत राहिली. मग म्हणाली, "आता यंत्रातच तापमापक असतो, काका. तो आपणच वजाबाकी करतो. पण दाणा गरम आणि पेला गार असला तर तो फसतो का, हेच मला बघायचंय. हे पान मी नेऊ?"

"ने," मी म्हटले.

दुपारी ती अंगणात गेली. यंदाचे सोयाबीन वाळत घातले होते. तिने यंत्र पायरीवर ठेवले, कोपरापर्यंत हात ढिगात घातला आणि तिथूनच मला हाक मारली, "काका, ढीग तापलाय. उद्या पहाटे मोजू. अभ्यंगस्नानाच्या आधी."

मी चारचा गजर लावला.