मोडू दे की गाडी!

सातारा,
रविवार

चि. मनूस,


त्या गाड्या ठोकायच्या खेळाचे तुझे व्हिडिओ मिळाले. तुझ्या मामीने ते टीव्हीवर मोठे करून लावून दिले आणि स्वतः आत निघून गेली. तिला असलं बघवत नाही. मी मात्र जेवण थंड करून बघत बसलो. "मामा, जन्मभर ठोकलेल्या गाड्यांचे विम्याचे सर्व्हे केलेस, आता सांग, हे खरं वाटतं की खोटं?" असं विचारलंयस. सांगतो. पण त्याच मेसेजच्या शेपटाला तू जे लिहिलंस ना, "आपल्या गाडीची काळजी नको, पुढे मस्त बुलबार बसवलाय", ते वाचून माझं डोकं फिरलंय. त्याचा समाचार पुढे घेतो.

आधी कौतुक. जर्मनीत ब्रेमेनला बसून ज्यांनी हा बीमएनजी खेळ रचला, त्या लोकांनी गाडी नीट बघितलेली आहे. पूर्वी तू खेळायचीस त्या खेळांत गाडी भिंतीवर आपटली तरी तशीच चकचकीत. ग्रॅन टुरिस्मो १९९७ साली आला तेव्हा त्यात गाडीला ओरखडासुद्धा उठत नव्हता. खऱ्या कंपन्यांच्या गाड्या खेळात घ्यायच्या म्हटल्यावर आपली गाडी चेपलेली दिसणं कुठल्या कंपनीला आवडेल? म्हणून तर बीमएनजीतल्या गाड्यांची नावंही बनावट आहेत. पण चेपतात झकास. त्यात गाडी म्हणजे शेकडो बिंदू, प्रत्येक बिंदूला वजन, आणि त्यांना जोडणाऱ्या हजारो काल्पनिक दांड्या. कुठली दांडी कुठवर वाकून परत सरळ होईल, कुठून पुढे कायमची वाकेल आणि कधी तुटेल, याचे आकडे ठरलेले. हा सगळा हिशेब सेकंदाला २००० वेळा होतो. त्यामुळे तुझ्या दुसऱ्या व्हिडिओत पुढचं चाक वाकडं झालं, रेडिएटर फुटला आणि थोडं अंतर जाऊन इंजिन तापून बंद पडलं. ते बघून मी खुर्चीतून उठलो गं. अगदी असंच होतं. गॅरेजवाले पत्रा दाखवत बसायचे आणि मी खाली वाकून टाय रॉड बघायचो.

आता खोट. खेळातला पत्रा रबरासारखा ताणला जातो. खरा पत्रा ताणला कमी जातो, त्याला घड्या पडतात. घडीच्या धारेवर रंगाचे पापुद्रे सुटतात आणि स्पॉट वेल्डिंगचे टाके एकेक करून उसवतात. बंपर प्लॅस्टिकचा, तो वाकत नाही, क्लिपा तुटून लोंबतो. दाराच्या पिलरमधलं पोलाद बॉनेटच्या पत्र्यापेक्षा कितीतरी कडक असतं, म्हणून पुढचा भाग चुरगळून गेला तरी पिलर ताठ राहतो. तुझ्या व्हिडिओत मात्र सगळी गाडी एकाच मऊपणाने बसत जाते. याबद्दल माझी तक्रार नाही. कंपन्यांच्या प्रयोगशाळेत हीच टक्कर संगणकावर चालवतात तेव्हा गाडीचे लाखो तुकडे कल्पून सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचा हिशेब करतात, आणि दशांश सेकंदाची टक्कर सोडवायला मोठमोठ्या संगणकांना तासन्‌तास लागतात. तुझ्या लॅपटॉपला ते डोळ्यांदेखत उरकायचं असतं, तेव्हा काटकसर आलीच. (शिवाय खेळात विम्याच्या भरपाईतून कापला जाणारा घसारा नाही. प्लॅस्टिकला ५० टक्के घसारा लावला की माणसाचा चेहरा कसा होतो, हेही त्यात घाला म्हणावं.)

पण मनू, मला खटकलं ते वेगळंच. तुझ्या एकाही व्हिडिओत स्टिअरिंगमागे कोणी बसलेलं नाही.

मी गाडीजवळ गेलो की पहिल्यांदा पुढची काच बघायचो. दोन काचांमध्ये पातळ पडदा असतो, म्हणून ती सांडत नाही, जाळी होऊन जागेवरच राहते. दगड लागला तर जाळी आत दबलेली असते. पण कधीकधी जाळी आतून बाहेर फुगलेली असायची, डोक्याच्या उंचीला. मग बेल्टची पट्टी ओढून बघायची. ताण पडलेल्या बेल्टवर बकलपाशी घासल्याची खूण उमटते. ती खूण नसली की पुढचं काही विचारावं लागत नसे. विम्याच्या फॉर्मात या काचेसाठी एकच ओळ असते आणि काचेला घसारा शून्य. तुझ्या खेळात काच फुटते, पण आतून कधी फुटत नाही. एक कळ दाबली की गाडी पुन्हा नवी, आणि बघणाऱ्याची नजर पत्र्यावरच अडकून राहते. जास्त चेपली ती वाईट गाडी, कमी चेपली ती चांगली.

ही समजूत तुला तुझ्या बाबांकडून आलीय, खेळाने ती फक्त पक्की केली. दाजींचं त्या जुन्या पद्मिनी गाडीचं पुराण आम्ही किती ऐकलं! "काय पत्रा होता, हाताने वाजवून बघा!" त्यांना म्हणावं, २००९ साली अमेरिकेत विमा कंपन्यांच्या सुरक्षासंस्थेने एक टक्कर लावली होती, ती बघा. एका बाजूला १९५९ ची शेव्हरोले बेल एअर, पद्मिनीची थोरली बहीण शोभेल अशी. समोर २००९ ची साधी शेव्हरोले मालिबू. दोन्ही ताशी ६४ किलोमीटरच्या आसपास, समोरासमोर, ड्रायव्हरच्या बाजूने. जुन्या गाडीचा पुढचा खांब दुमडला, दार उघडलं, स्टिअरिंग बाहुल्याच्या अंगावर आलं. त्या जागी माणूस असता तर जागीच गेला असता. मालिबूचं नाक पार गेलं, पण बसायची जागा शाबूत, आणि आतल्या बाहुल्याला पायाची दुखापत होईल इतकंच. बाहेरून दोन्ही भंगारच.

मोडणं हे गाडीच्या नाकाचं कामच आहे, मनू. मर्सिडीझमधल्या बेला बारेन्यी नावाच्या इंजिनिअरने १९५० च्या सुमारास हे ओळखलं: माणसं बसतात तो डबा कडक ठेवायचा आणि पुढचा-मागचा भाग मुद्दाम चुरडू द्यायचा. साधा हिशेब आहे, तू इंजिनिअर आहेस. ताशी ५० च्या वेगाने आपटलीस आणि नाक ६० सेंटिमीटर चेपलं, तर थांबताना सरासरी झटका वजनाच्या सोळापट बसतो. तेच नाक १० सेंटिमीटरच चेपलं तर शंभरपटीच्या जवळ जातो. पत्रा वाचला की बरगड्या जातात.

आणि तू त्या नाकापुढे लोखंडी बुलबार बोल्ट करून ठेवलास! कोणी गळ्यात मारला? आता धडक झाली की तिचा भार आधी त्या पाइपांवर येणार आणि तिथून थेट चेसिसच्या दोन ठिकाणी जाणार. एअरबॅगच्या सेन्सरला कंपनीने कुठला झटका ओळखायला शिकवलं आणि त्याला मिळणार कुठला. समोर चालता माणूस आला तर त्याच्या मांडीला बॉनेटच्या पत्र्याऐवजी पाइप लागणार. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना लिहिलं होतं की असले क्रॅश गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विरुद्ध आहेत, कारवाई करा. तरी दुकानात लटकलेले असतातच. तुमच्या गाडीला भारत एनकॅप या सुरक्षाचाचणीचे तारे आहेत म्हणून दाजी पेढे वाटत होते ना? ते तारे बुलबारशिवायच्या गाडीला मिळालेत.

हे सगळं लिहिलं खरं, पण दोन दिवस माझ्या डोक्यात खेळही नाही आणि बुलबारही नाही. अक्का, म्हणजे तुझी आई, गाडीत मागे बसते, हे घोळतंय. मागच्याच महिन्यात तुम्ही आलात तेव्हा दार मी उघडलं होतं, बेल्ट लावलेला नव्हता. म्हणते, पोटाला आवळतो. अगं, ती साठ किलोची. वर सांगितलेल्या टकरीत सोळापट धर, जवळजवळ एक टन होतं. हा एक टन तुझ्या सीटच्या पाठीवर येऊन आदळणार. म्हणजे तिची आणि तुझी, दोघींची गाठ एकदमच. २०२२ च्या सप्टेंबरात पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, ती काही स्वस्त गाडी नव्हती. मर्सिडीझ होती. पोलिसांनी सांगितलं की मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते. ते दोघे गेले, पुढचे दोघे जबर जखमी झाले पण वाचले.

त्यात आता उसाचा हंगाम सुरू झालाय. कराडपासून अलीकडे रात्री दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर निघतात, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. एखादी ट्रॉली पंक्चर होऊन लेनमध्येच उभी असते, मागे दगड मांडलेले. तिच्याखाली गाडी घुसली की नाकाचं चेपणं कामालाच येत नाही, लोखंड सरळ काचेच्या उंचीला येतं. म्हणून रात्रीचं निघू नका. खंबाटकी घाट उतरताना ताशी ८० ऐवजी ६० ठेव, आघाताची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते.

बुलबार काढून भंगारात घाल, पैसे गेले तर जाऊ देत. आणि आजच्या आज मागची सीट बघ. ते नवं लेदरचं कव्हर घातलंयत ना, त्याखाली मागची बकलं गाडली गेली असणार, बहुतेक गाड्यांत तसंच होतं. कव्हर कापावं लागलं तरी काप, बकलं वर काढ, आणि अक्काला सांग, बेल्ट लावल्याशिवाय गाडी सुरू होणार नाही असं तुझ्या भावाने बजावलंय.

तुझा,
मामा