‘गाडी किती चाललीय?’

जुनी पण जोरदार पळणारी गाडी विकत घेताना काय पाहावं, हे सोप्या शब्दांत आणि दहा मुद्द्यांत लिहून द्या, असं संपादकांनी सुचवलं. दहा मुद्दे मोबाइलवर फुकट मिळतात, आणि ते पाठ करून आलेली गिऱ्हाइकंच मला सगळ्यात जास्त पिडतात. तेव्हा मुद्दे काही मी मोजणार नाही. ‘टेक्निकल फार नको’ ही दुसरी अट मात्र पाळायचा प्रयत्न करतो.

माझा गाळा भिवंडीजवळ पूर्णा गावात. ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडला की आधी काल्हेर, मग पूर्णा. दोन्ही अंगांना गोदामं, रस्त्याच्या मधोमध मेट्रो ५ चे खांब आणि त्यांच्या सावलीत कंटेनरची न हलणारी रांग. अशा ठिकाणी वेगवान गाड्यांचं काम कुठून मिळतं, असं लोक विचारतात. गोदामांतूनच मिळतं. हौसेनं घेतलेली गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मावेनाशी झाली, की ती ओळखीतल्या कुणाच्या तरी गोदामात मालाच्या खोक्यांशेजारी कव्हर घालून उभी राहते. वर्षं जातात. मग एक दिवस जाहिरात येते : सिंगल ओनर, कमी चाललेली, शोरूम कंडिशन.

आपल्याकडच्या जुन्या वेगवान गाड्या म्हणजे कुठल्या? २००० सालची होंडा सिटी व्हीटेक. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट पालिओ १.६. औरंगाबादेत जुळणी होऊन २००४ साली बाजारात आलेली, १५० अश्वशक्तीची टर्बो पेट्रोल ऑक्टाव्हिया आरएस. तिच्या मागोमाग २०११ ची लॉरा आरएस, आणि रांजणगावची अबार्थ पुन्टो. परदेशी माणूस या यादीला हसेल. पण आपल्याकडे ज्यांनी या गाड्या नव्या असताना काचेबाहेरून पाहिल्या, ती पोरं आज चाळिशीत आहेत, हातात पैसा आहे, आणि पहिला प्रश्न ठरलेला आहे : गाडी किती चाललीय?

या एका प्रश्नानं मी थकलो आहे.

पावसाळ्याआधी कल्याणचा एक तरुण मला दोन गाड्या दाखवायला घेऊन गेला. पहिली लॉरा आरएस, १ लाख १८ हजार किलोमीटर, तिसरा मालक, बंपरवर ओरखडे, पण सोबत बिलांची जाडजूड फाईल. दुसरी इथलीच, पूर्ण्याच्या गोदामातली ऑक्टाव्हिया आरएस. यंत्रमागाच्या धंद्यातले एक वयस्क शेठ, त्यांची गाडी. मीटरवर ३१ हजार. त्या आकड्यापायी किंमत लॉराच्या बरोबरीला आणून ठेवलेली.

मी आधी बॉनेटवर तळहात ठेवला. कोमट. म्हणजे आम्ही पोचण्याआधी कुणीतरी स्टार्टर मारून ठेवला होता. जुनी गाडी पाहायची ती थंडगार इंजिनावर. पहिल्या काही सेकंदांतला आवाज आणि धूर जे सांगतो, ते मालक सांगत नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल, तर कूलंट आत शिरतंय. सकाळची थोडी वाफ बघून मात्र घाबरू नका.

मग टायर. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. इथं होते १२११ : २०११ सालच्या बाराव्या आठवड्यात बनलेलं टायर. नक्षी नव्यासारखी, आणि रबर नखानं दाबलं तर दगड. टायमिंग बेल्टचं वरचं प्लॅस्टिक कव्हर दोन क्लिपा काढून सैल केलं, बॅटरी आत धरली. बेल्टच्या पाठीवर आडव्या बारीक भेगा. बदलल्याचं बिल नाही, स्टिकर नाही, काही नाही.

"गाडीला आजवर कुणाचा हात लागू दिला नाही हो," शेठ अभिमानानं म्हणाले.

"तेच दुखणं आहे, शेठ," मी म्हटलं. ते दुखावले. स्पार्क प्लग काढून कॉम्प्रेशन मोजू का, असं विचारल्यावर तर त्यांनी सरळ कव्हर ओढून घेतलं.

आता थोडं टेक्निकल होणारच. इंजिनात खाली पिस्टन वरखाली करतात आणि वर व्हॉल्व्ह उघडमीट करतात. दोघांची वेळ जुळवून ठेवतो तो टायमिंग बेल्ट, म्हणजे दाते असलेला रबराचा पट्टा. ऑक्टाव्हियाच्या या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला पाच, असे वीस व्हॉल्व्ह. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, म्हणजे हायवेवरची अगदी निवांत चाल, तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह असतील तिथं थांबतात, पिस्टन मात्र गतीच्या जोरावर वर येऊन त्यांच्यावर आदळतात. व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनही फुटतो. म्हणजे हेड उतरवणं आलं. रबराला मीटर वाचता येत नाही. उष्णता, हवा आणि काळ यांनी ते कडक होतं, गाडी पळो न पळो. म्हणून बेल्टला किलोमीटरबरोबर वर्षांचीही मुदत असते. मी पाच वर्षं धरतो. सोबत टेन्शनर, रोलर आणि पाण्याचा पंपही बदलतो. नुसता बेल्ट बदलून पैसे वाचवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, काम घेत नाही.

पटत नसेल तर सचिनची फेरारी आठवा. ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केल्याबद्दल २००२ साली फियाटतर्फे शूमाकरनं सिल्व्हरस्टोनला त्याला ३६० मोडेना दिली. तिच्या आयात शुल्कावरून झालेला गदारोळ सगळ्यांच्या लक्षात आहे. २०११ मध्ये ती सुरतच्या एका उद्योजकाकडे गेली, हेही लोक सांगतात. पण त्या गाडीच्या इंजिनालाही रबरी बेल्टच आहेत, आणि फेरारीवाले ते साधारण दर तीन वर्षांनी बदलायला सांगतात, गाडी गॅरेजबाहेर निघाली नसली तरी, हे कुणी सांगत नाही. फेरारीला जो नियम लागतो तो गोदामातल्या ऑक्टाव्हियाला का नको?

बेल्ट हे एक झालं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि खाडीलगतच्या या पट्ट्यात ओलावा कमी नाही. टाकीतलं पेट्रोल सडतं, इंजेक्टर चिकटतात. टर्बोच्या दांड्याचं सील कोरडं पडतं. कूलंटच्या रबरी पाइपांना चीर जाते. उंदीर वायरिंग कुरतडतात, आणि धान्याच्या गोदामाशेजारचे उंदीर तर काय विचारता.

आमच्या धंद्यातले काही जण माझं हे म्हणणं मानत नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की रबर बदलता येतं, पण झिजलेला बोअर आणि गिअरबॉक्स नवा करणं परवडत नाही. म्हणून कमी चाललेलीच घ्यावी. यात तथ्य नाही असं नाही. उभ्या गाडीच्या सगळ्या रबरी वस्तू, सगळी ऑइलं, टायर आणि बॅटरी एकदम बदलायची तयारी असेल, आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा होत असेल, तर तसली गाडी उत्तमच ठरेल. पण विकणारा ती वजा करत नाही, उलट वर चढवून मागतो. भांडण तिथं आहे.

त्या पोरानं ऑक्टाव्हियाच घेतली. "बेल्ट दिवाळीनंतर टाकू, काका," म्हणाला. परवा स्टेटसवर त्याची गाडी कसारा घाटात दिसली.

लॉरासुद्धा निर्दोष नव्हती, हे सांगायला हवं. तिला बेल्टऐवजी साखळी असते, आणि ‘चेन आहे, बघायला नको’ हा दुसरा गैरसमज. साखळीचा टेन्शनर ढिला पडला की थंड इंजिन चालू करताना क्षणभर खडखडाट होतो. शिवाय त्या काळच्या या टीएसआय इंजिनांत पिस्टनच्या ऑइल रिंगची बारीक भोकं बुजतात आणि गाडी ऑइल खाऊ लागते. हे ओळखायला डिकी उघडा. स्टेपनीशेजारी ऑइलचा अर्धा डबा दिसला, तर मालक काही का म्हणेना, तुम्हाला उत्तर मिळालं.

मीटर मागे करणं हा तर उघड धंदा आहे. पेडलचं रबर, स्टिअरिंगची चकाकी, सीटची बाहेरची कड आणि मीटरचा आकडा यांचं जुळतं का बघा. स्कॅनर लावणारा माणूस सोबत न्या, पण ‘एकही एरर नाही’ ऐकून खूश होऊ नका. विकायच्या आदल्या रात्री एरर पुसून टाकतात. मात्र पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पुन्हा पूर्ण व्हायला बऱ्याच फेऱ्या लागतात. स्कॅनरमध्ये त्या ‘अपूर्ण’ दिसल्या, तर कशासाठी पुसलं हे विचारा.

रीमॅपबद्दलही असंच. मागच्या मालकानं ताकद वाढवून घेतलेली असते, विकताना मूळ प्रोग्राम परत टाकतो. क्लच आणि टर्बोनं सोसलेलं काही परत जात नाही. कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगतो, की कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत परस्पर फेरफार चालत नाही. कर्कश सायलेन्सर बघून हरखणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

ठोकलेली गाडी ओळखणं त्या मानानं सोपं. फेंडरच्या आणि बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग पान्यानं उडालेला दिसतो. पाण्यात गेलेली ओळखणं कठीण. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर कितीतरी गाड्या धुऊनपुसून बाजारात आल्या. आमच्या कामवारी नदीचं पाणीही भिवंडीत शिरतंच. सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढा, आतल्या भागावर गाळाची रेघ आहे का बघा. सीटखालचे रेल आणि कार्पेटखालचा फोम हातानं चाचपा. ऑक्टाव्हिया-लॉरात वायपरखालच्या पन्हळीत पालापाचोळा साठून पाणी तुंबतं, आणि इंजिनाचा कॉम्प्युटर तिथंच शेजारी असतो.

चालवून बघायला लोक मोकळा हायवे मागतात. मी अंजूरफाट्याच्या कोंडीत नेतो. सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी असेल तर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना तो थरथरतो का, हे तिथंच कळतं. १०० च्या वेगाला सगळेच गिअरबॉक्स शहाणे वाटतात.

कागदांचं थोडक्यात. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण झालंय का, पर्यावरण कर भरलाय का, बँकेचा बोजा उतरलाय का. वीस वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क २०२५ पासून १० हजार रुपये झालंय, तेही भावात धरा. आणि विकणाऱ्यांसाठी : आरसीवर ज्याचं नाव तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून एजंटाच्या हाती किल्ली देऊ नका. अर्ज दाखल झाल्याची पावती घ्या, आणि आरसीवरचं नाव बदललं की नाही ते महिन्याभरानं स्वतः तपासा.