गोलची चौकट

हैदराबादच्या सुलतान बाजारात दुकानांची शटर वर जायच्या आधी गल्लीत ती नव्याने उभी राहते. इकडे एक चप्पल, तिकडे एक, मधलं अंतर पावलांनी मोजलेलं. आडवी दांडी नाही, म्हणून भांडण ठरलेलं. एक ओरडतो, ‘वरून गेला!’ दुसरा शपथेवर सांगतो, ‘अरे, आतूनच!’ इंग्लंडातही तिचं बालपण असंच गेलं. आधी नुसते दोन खांब, मग वर ताणलेली फीत, आणि 1882 मध्ये सक्तीची आडवी दांडी. चोवीस फूट रुंद, आठ फूट उंच. तेव्हापासून ती बोटभरही वाढली नाही की आटली नाही.

स्वभावाने ती मुकी आणि निःपक्षपाती. खांबाला लागून चेंडू बाहेर आला काय, आत गेला काय, तिला सारखंच. आत गेलेले सगळे वहीत नोंदले जातात. अडवलेले मात्र तिनेच पाहिलेले असतात, आणि म्हणून गोलकीपरची खरी कारकीर्द सांगायची तर तिच्या बाजूने सांगावी लागते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिच्यापुढे विल्यम फोक उभा असे. अवाढव्य देहाचा, नुसत्या उभं राहण्याने तिला झाकून टाकणारा. शेफील्ड युनायटेडबरोबर त्याने 1899 आणि 1902 चे एफए कप जिंकले, 1905 मध्ये नव्या चेल्सी संघाचा तो कर्णधार झाला. दांडीला लोंबकळून त्याने ती मोडल्याची गोष्ट अजून सांगतात. मला मात्र सॅम हार्डी अधिक भावतो. लिव्हरपूल आणि अॅस्टन व्हिलाच्या या गोलकीपरला झेपा घ्याव्याच लागत नसत; चेंडू कुठे येणार ते ओळखून तो आधीच तिथे असे. इंग्लंडकडून तो 21 सामने खेळला. त्याच काळात, 1912 मध्ये, नियम बदलला. तोवर गोलकीपर आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हाताने धरू शके. आता फक्त पेनल्टी क्षेत्रात. घरातल्या माणसाला उंबऱ्याशी बांधावं, तसा तो तिच्याशी बांधला गेला.

गल्लीत तिच्यापुढे उभं राहायला कुणी राजी नसतं. सगळ्यांत धाकट्याला ढकलतात. हैदराबादेत जन्मलेले पीटर थंगराजही आधी सेंटर फॉरवर्डच होते; सिकंदराबादच्या क्लबांतून सुरुवात करून नंतर ते गोलमध्ये आले आणि तिथलेच झाले.

थंगराजना पुढे भारताच्या गोलमध्ये उभं करणारे सय्यद अब्दुल रहीम, आपल्या हैदराबादी बोलीत रहीमसाब, काचीगुडा आणि चादरघाटच्या शाळांत शिक्षक होते. दोन्ही ठिकाणं सुलतान बाजारातून पायी जाण्याजोगी. त्यांच्या सिटी पोलिस संघाने 1950 ते 1954 सलग पाच वेळा रोव्हर्स कप जिंकला. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताचे प्रशिक्षक तेच. थंगराज आजारी, आधीच्या सामन्यांत प्रद्योत बर्मन गोलमध्ये. दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी रहीमसाबांनी थंगराजना उभं केलं, कारण कोरियाचे उंच चेंडू अडवायला तशीच उंची हवी होती. प्रेक्षक भारताविरुद्ध हुर्यो उडवत होते. भारत 2-1 ने जिंकला. कोरियाचा तो एक गोल वहीत आहे. बाकीचं चौकटीला ठाऊक.

थंगराजना 1967 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, 2008 मध्ये बोकारोत ते गेले. हैदराबादच्या फत्तेमैदानातल्या एका गोलच्या चौकटीला त्यांचं नाव द्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.