आट्यापाट्यांचे प्राक्तन

बारामतीजवळच्या एका शाळेच्या पटांगणावर आज मुलांनी आट्यापाट्यांसाठी फक्कीने नऊ पाट्या आणि त्यांना मधोमध छेदणारी सूरपाटी आखली, तेव्हा पाटी धरून उभ्या असलेल्या खेळाडूस हुलकावणी देऊन पलीकडे निसटणाऱ्या एका मुलीचे चापल्य पाहून मन हरखले, आणि लगोलग विषण्णही झाले. खो-खोला १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने नियमांची चौकट दिली, पुढे विजयवाड्यास १९५९-६० मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली, आणि २०२५ साली दिल्लीत विश्वचषकही झाला. आट्यापाट्यांच्या वाट्यास तो लौकिक आला नाही. तो मिळावा म्हणून प्रांतोप्रांती पंच घडवावेत, प्रवासखर्चाची तरतूद व्हावी, हे अगत्याचे खरे. परंतु पालकांची पहिली पृच्छा असते ती खेळाचा दाखला नोकरीच्या अर्जास जोडता येईल काय, याचीच, आणि ती मला सर्वस्वी रास्त वाटते.