मस्टर

नोकरी सोडलेल्या माणसाला सर्वांत जास्त आठवण कशाची येते, असं कुणी विचारलं तर लोक सांगतील, पगाराची. साफ चूक. पगाराची आठवण महिन्यातून एकदाच येते. साहेबाची रोज येते. सकाळी अंथरुणात लोळत पडावं आणि त्याबद्दल दचकायला कुणी नसावं, यासारखं पोरकेपण नाही. २०१८ साली वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी नोकरीचा राजीनामा दिला, तेव्हा 'आता मी माझा साहेब' असं सगळ्यांना पेढे वाटत सांगितलं होतं. आठवडाभरातच लक्षात आलं, की हा साहेब अत्यंत नालायक आहे. तो स्वतःच साडेनऊला उठतो!

आता मी काय करतो हे सांगणं आलं. माझ्या घरच्यांनाही ते अजून नीट सांगता येत नाही. मी इंटरनेटवर मिक्सर, कुकर, घरगुती गिरण्या असल्या वस्तूंबद्दल लिहितो. कुठला घ्यावा, कुठला घेऊ नये वगैरे. लेखाच्या खाली दुकानाची लिंक असते. वाचकाने ती दाबली, ठरलेल्या मुदतीत वस्तू घेतली, आणि घेतलेली परत केली नाही, तर दुकान मला थोडे पैसे देतं. एका वाक्यात इतक्या अटी मी यापूर्वी फक्त ज्योतिषाच्या तोंडून ऐकल्या होत्या.

"म्हणजे दलाली," अण्णा म्हणाले. अण्णा म्हणजे माझे वडील. टपाल खात्यातून ३८ वर्षांच्या नोकरीनंतर २००१ साली निवृत्त झाले.

"अण्णा, त्याला अॅफिलिएट मार्केटिंग म्हणतात," हिने माझी बाजू घेतली.

"सूनबाई, ते इंग्रजीत," अण्णांनी निकाल दिला.

शेजाऱ्यांनी तर माझ्या धंद्याचं नाव विचारण्याच्या फंदातच पडायचं नाकारलं. "हल्ली घरीच असतात का हो?" एवढंच ते हिला विचारत. तेही अशा आवाजात, की ऐकणाऱ्याला वाटावं, माझी डावी बाजू गेली आहे. घरी असणारा पुरुष ही सार्वजनिक मालमत्ता असते. आमच्या जिन्यातले सिलिंडर मी उतरवून घेतो. तीन घरांच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. समोरच्या काकूंचं दूध मी तापवलं आहे. एकदा तर मी एका लेखाच्या ऐन रंगात असताना वरच्या मजल्यावरच्या वहिनी आपला तीन वर्षांचा मुलगा माझ्यापाशी सोडून गेल्या. "तुम्ही नुसते बसलेलेच असता ना," म्हणाल्या!

अशा परिस्थितीत माणसाने रोज उठून कामाला बसावं कशासाठी? या प्रश्नाचा मी कसून अभ्यास केला आहे. कामापेक्षा जास्त.

पहिला उपाय, स्फूर्ती. पहाटे चारला उठणाऱ्या यशस्वी माणसांचे व्हिडिओ मी रात्री एकपर्यंत पाहत असे. त्यामुळे सकाळी उठायला दहा वाजत. शिवाय स्फूर्तीचं असं असतं, की ती मिळाली की माणसाला काम करावंसं वाटत नाही. स्फूर्ती मिळाल्याचं दुसऱ्याला सांगावंसं वाटतं.

दुसरा उपाय, भीती. घराचा हप्ता पाच तारखेला जातो. त्यामुळे एक ते पाच तारखेपर्यंत मी अत्यंत उद्योगी माणूस असतो. सहा तारखेला माझ्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते पाहून ही म्हणते, "गेला वाटतं हप्ता!"

तिसरा उपाय, लोभ. दिवसाची कमाई दाखवणारं एक पान असतं. ते उघडलं की आकडा दिसतो. कधी शून्य, कधी ४२ रुपये, कधी एकदम ९००. कुणी कधी काय घेईल याचा नेम नाही. सबब मी ते पान दुपारपर्यंत ऐंशी वेळा उघडत असे. पुढे माझ्या वाचनात आलं, की स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर असेच प्रयोग केले होते. १९५७ साली त्याने आणि फर्स्टरने त्यावर जाडजूड ग्रंथही लिहिला. चोच मारली की दाणा, असं ठराविक न ठेवता कधी पाच चोचींनी, कधी पन्नास चोचींनी दाणा टाकला, तर कबुतर वेड्यासारखं, न थकता चोच मारत राहतं. हे वाचून मला फार बरं वाटलं. आपण आळशी नाही, आपण कबुतर आहोत! फरक इतकाच, की त्या कबुतराला विजेचं बिल येत नव्हतं.

चौथा उपाय मी अण्णांना उत्साहाने वाचून दाखवला. अँथनी ट्रोलप नावाचा एक इंग्रज कादंबरीकार होता. रोज पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा. समोर घड्याळ. दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द, असा त्याचा हिशेब. त्याला उठवून कॉफी आणून देण्यासाठी एका म्हाताऱ्या नोकराला तो वर्षाला पाच पौंड जास्त देत असे. एवढं उरकून मग कचेरीत जायचा.

"कुठल्या कचेरीत?" अण्णांनी विचारलं.

"पोस्टाच्या."

अण्णा ताडकन उठून बसले. जर्सी बेटावर १८५२ साली रस्त्यावरच्या टपालपेट्या याच गृहस्थाच्या शिफारशीने उभ्या राहिल्या, हे सांगितल्यावर तर त्यांनी चष्माच काढून पुसला. "पोस्टातला माणूस आहे. शब्द मोजूनच लिहिणार!" म्हणाले. तारेच्या काळातला माणूस. शब्दाला पैसे पडतात हे त्यांच्या रक्तात आहे.

मी मात्र ट्रोलप दोनच दिवस टिकवला. पाच पौंडांत येणारा माणूस आता मिळत नाही.

तर असं ढकलत ढकलत चाललं होतं. मग २०२३ सालचे गणपती आले. त्याच दिवसांत लोकांना माझ्या लेखांपर्यंत आणून सोडणाऱ्या शोधयंत्राने आपले नियम बदलले. माझ्याकडे रोज अकराशे वाचक येत. आठवड्यात ते साठांवर आले. त्यातला एक मीच. चूक काय, हे सांगणारं कुणी नाही. नोकरीत निदान मेमो तरी मिळतो हो! इथे पाच वर्षांचं लिखाण रात्रीतून अडगळीत गेलं आणि कुणाच्या दारात जाऊन भांडायचं तेही ठाऊक नाही.

चार दिवस मी टेबलाशी गेलो नाही. सांगायला लाज वाटते, पण नोकरीचे अर्ज भरले. जन्मवर्षाच्या रकान्यात यादी खाली खाली सरकवत १९७४ पर्यंत पोचायला इतका वेळ लागला, की मीच दमलो. ही शाळेत शिकवते, तेव्हा चूल पेटत होती; पण मुलीच्या कॉलेजची फी जानेवारीत होती. हिने काही विचारलं नाही. बायको विचारायची थांबली, की प्रकरण गंभीर आहे असं समजावं.

पाचव्या दिवशी सकाळी अण्णा माझ्या खोलीत आले. हातात शंभर पानी वही. पट्टीने रकाने आखलेले: तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही, शेरा.

"दहा वाजता टेबलाशी. सही करायची. तीन लेट मार्कांना एक कॅज्युअल कापली जाईल."

"अण्णा, काम नाहीये मला."

"काम आहे की नाही ते हजर झाल्यावर कळतं. टपाल कमी आहे म्हणून पोस्ट बंद ठेवतात का?"

याला उत्तर नव्हतं. मी सही केली. दहा वाजून दहा मिनिटं. टेबलाशी बसलो आणि करायला काहीच नाही म्हणून वाचकांची तुंबलेली पत्रं उघडली. परभणीच्या एका बाईंचं पत्र तीन आठवडे पडून होतं. घरी चटण्या करून विकतात. शेंगदाणे वाटताना मिक्सर बंद पडला तो सुरूच होईना. दिवाळीच्या ऑर्डरी आहेत, तीन हजारांपर्यंत कुठला नवा घेऊ?

आता धंद्याचा नियम सांगतो, की इथे लिंक द्यावी. शंभर-सव्वाशे रुपये नक्की होते. आणि त्या दिवशी शंभर रुपयांचं मोल काय होतं ते मलाच ठाऊक. पण दुखणं स्पष्ट होतं. मी लिहिलं: नवा घेऊ नका. अर्धा तास थंड होऊ द्या, प्लग काढा, उलटा करा. तळाशी लाल बटण असतं, ते दाबा. ताण पडला की मोटर जळू नये म्हणून ते बाहेर येतं. दाणे थोडे थोडे घाला, मध्ये थांबत वाटा.

दुपारी उत्तर आलं. "दादा, चालू झाला! मला वाटलं, आता याला कोण सांगणार."

संध्याकाळी अण्णांनी विचारलं, "आज काय काम झालं?" मी सांगितलं.

"दलाली किती?"

"शून्य."

अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग वही ओढून शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'काम समाधानकारक.' ३८ वर्षांत साहेबाने त्यांना हा शेरा कितीदा दिला असेल, देव जाणे!

पंधरा दिवसांनी पोस्टाने चटणीचं पाकीट आलं. आम्ही चटणी पाहत होतो. अण्णा पाकिटावरचा शिक्का पाहत होते. "किती स्वच्छ उमटलाय!"

पुढे सगळं भरून निघालं असं नाही. वाचक चारशेवर येऊन थांबले. दोन-तीन दुकानदारांच्या जाहिराती लिहून देतो, त्यावर फी भागली. पण मस्टर चालू आहे. पाचवी वही आहे.

अण्णा आता ८४ वर्षांचे आहेत. रकाने आखताना हात थरथरतो, रेघा लोकलच्या रुळांसारख्या एकमेकींत शिरतात. गेल्या महिन्यात त्यांना ताप भरला. दहा वाजले तरी उठले नाहीत. म्हणजे मला चक्क मोकळीक! अकराला बसलो असतो, बारालाही चाललं असतं. कपाट उघडलं, वही काढली आणि त्यांच्या कॉटपाशी जाऊन उभा राहिलो.

"अण्णा, सही करायची होती."

त्यांनी डोळे किलकिले करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"तीन मिनिटं उशीर आहे," म्हणाले. "लाल पेन आण."