चिकूच्या गळ्याखालची सुपारी

दोस्तांनो, तुमच्या घरी कुत्रा आहे का? असेल तर हे वाचून झालं की एक काम करा. त्याच्या गळ्याखालून हळूच हात फिरवा. का, ते सांगते.

आमचा चिकू अस्सल गावठी. रंग चिकूसारखा, म्हणून नाव चिकू! माझी मुलगी मुक्ता दुसरीत असताना भर पावसात त्याला दप्तरात घालून घेऊन आली. पुढं सात वर्षं तो आमच्या घराचा पहारेकरी होता, आणि मुक्ताचा धाकटा भाऊसुद्धा.

२०२२ च्या जूनमधली गोष्ट. पट्टा सोडवताना मुक्ता म्हणाली, "आई, चिकूच्या गळ्याखाली हाताला सुपारी लागतेय गं."

मी पोळ्या लाटत होते. न बघताच म्हटलं, "काहीतरी चावलं असेल. जाईल आपोआप."

मुक्ता गप्प बसली. पण तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहिलं, 'सुपारी'. आठ दिवसांनी त्याच्या खाली आणखी एक शब्द आला, 'लिंबू'. आणि कंसात, 'दोन्ही बाजूंना'. तो वाचला आणि माझं लाटणं हातातच राहिलं.

डॉक्टरकाकांनी चिकूला टेबलावर घेतलं. जबड्याखाली, खांद्यांच्या पुढं, मागच्या गुडघ्यांच्या मागं बोटांनी चाचपलं. सगळीकडे गाठी! ते म्हणाले, "या लसिकाग्रंथी. शरीरातल्या पोलीस चौक्याच समजा. रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी इथं मुक्कामाला असतात. चौकीत गडबड आहे हे हाताला कळतं. पण कसली, ते नाही कळत."

आपल्याकडे गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही अशा गाठी सुजतात. म्हणून आधी रक्त तपासलं. त्या तापाचा पुरावा सापडला नाही. मग काका म्हणाले, "आता गाठीतच डोकावू."

त्याच संध्याकाळी शेजारचे आजोबा आपली दम्याची गोळी घेऊन आले. "स्टेरॉइड आहे, सूज चट्कन उतरते." मी देणारच होते! मुक्ता म्हणाली, "आधी काकांना विचार." फोनवर काका जवळजवळ ओरडलेच, "अजिबात नको! गाठ उतरेल, पण चोराचे ठसे पुसले जातील. मग रोग ओळखणार कसा?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी बारीक सुईनं गाठीतल्या थोड्या पेशी काढल्या. भूल नाही, टाके नाहीत. चिकू फक्त एकदा कुंईकुंई करून मुक्ताचा हात चाटायला लागला. काचपट्टीवर त्या पेशी पसरल्या, वाळवल्या, रंगवल्या. काकांनी मुक्ताला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं.

"त्या लाल पेशी दिसतात ना? ती आपली मोजपट्टी. निरोगी गाठीत बऱ्याचशा पांढऱ्या पेशी लहान असतात, मोठ्या अधूनमधून. इथं काय दिसतंय?"

"सगळ्या मोठ्याच," मुक्ता म्हणाली. "आणि एकसारख्या."

काका काही बोलले नाहीत. काचपट्टी प्रयोगशाळेत पाठवली. चार दिवसांनी उत्तर आलं: लिम्फोमा. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचाच हा कर्करोग. ल्युकेमिया हाडांच्या आतल्या मगजात सुरू होतो, लिम्फोमा बहुतेक वेळा या गाठींत. दोघं सख्खे भाऊच म्हणा ना!

घरी येताना रिक्षात मुक्ता हळूच म्हणाली, "आई, मी त्याला चोरून क्रीमची बिस्किटं द्यायचे. त्यानं झालं का?" तिच्या पोटात हे चार दिवस होतं! मी रिक्षा परत फिरवली. काका म्हणाले, "बिस्किटं वाईटच, पण हा गुन्हा त्यांचा नाही. हा रोग बहुतेकदा कशानं होतो, ते सांगता येत नाही. आणि तो शिवल्यानं, चाटल्यानं होत नाही. खुशाल जवळ घे त्याला."

मग मीही विचारलं, "मी आठ दिवस आधी आणलं असतं तर?" ते म्हणाले, "आठ दिवसांनी फार फरक पडला नसता. पण चिकू खातोपितो तोवर आणलात, हे चांगलं झालं." मला बरं वाटलं. तरी मुक्तानं सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं, ते काही खोटं होत नाही.

कुत्र्यांचा हा रोग मुळापासून क्वचितच जातो. पण औषधांनी चांगले दिवस मिळतात. चिकूच्या इंजेक्शनांत एक होतं व्हिन्क्रिस्टीन. ते कशापासून मिळतं, माहीत आहे? सदाफुलीपासून! आपल्या अंगणातली तीच गुलाबी सदाफुली. (म्हणून पानं तोडून कुणाला खायला घालू नका हं, ती विषारी असतात. औषध कारखान्यात शुद्ध करून, मोजून बनवतात.)

तीन आठवड्यांत गाठी विरघळल्या. चिकू पुन्हा पोस्टमनवर भुंकायला लागला. असे दहा महिने मिळाले. २०२३ च्या एप्रिलमध्ये, मुक्ताची परीक्षा संपल्यावर चार दिवसांनी, तिच्या मांडीवर डोकं ठेवून तो गेला.

जुनं कॅलेंडर अजून भिंतीवर आहे. आता मुक्ता काही सांगायला आली की मी आधी गॅस बंद करते.

आणि तुम्ही? जा बघू, फिरवा हात. सुपारी लागली तर घरात सांगा. कुणी ऐकलं नाही, तर कॅलेंडरवर लिहा.